मत गावाचं, नळ सुरतेचा

आमच्या गल्लीत पाणी दोन चवींचं होतं. बोरिंगचं खारट आणि टँकरचं गंजाळलेलं. बोरिंगच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. माय सकाळी तुरीची डाळ स्टोव्हवर चढवायची आणि रॉकेल संपत आलं तरी ती दाताखाली कचकच करायची. म्हणून टँकरचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, बोरिंगचं धुण्या-भांड्याला, अशी वाटणी होती. पाहुण्याच्या चहाला कोणतं पाणी घ्यायचं हे पाहुणा कोण आहे त्यावर ठरायचं. पर्वत पाटियाच्या चौकातून आत वळून बरंच चाललं की आमची गल्ली लागायची. तिच्या एका अंगाला खाती, म्हणजे लूमचे कारखाने, आणि दुसऱ्या अंगाला एक पक्की सोसायटी. मध्ये एक भिंत. भिंतीच्या त्या बाजूला महानगरपालिकेचे नळ होते आणि सकाळी पाइप लावून स्कूटर धुतलेल्या आम्हांला गच्चीवरून दिसायच्या. माय ते बघायची आणि म्हणायची, तापी आपल्या गावावरूनच सुरतेला येते, तिला नळात घेतात, आपल्याला घेत नाहीत.

घरात आम्ही अहिराणी बोलायचो. सगळं तसंच लिहिलं तर अर्ध्या वाचकांना अडेल, म्हणून मराठीत लिहिते आहे. जिथे माणसाचा आवाज त्याच्या शब्दांतच आहे तिथे मात्र तो तसाच ठेवला आहे. आमचं घर म्हणजे एक खोली, पुढे पत्र्याची पडवी आणि वर सगळ्या गल्लीची मिळून एक गच्ची. आप्पा, म्हणजे माझे वडील, रस्त्यापलीकडच्या खात्यात कारीगर होते. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रात्रपाळी. लूमची खटखट चोवीस तास चालायची आणि आम्हांला ती ऐकू यायची नाही. लाइट गेली की ती एकदम थांबायची, आणि आपण एकमेकांशी ओरडून बोलत होतो हे तेव्हा कळायचं. खात्यात आप्पांना नावाने कोणी हाक मारत नसे. शेठचा माणूस सगळ्यांनाच ‘ए मराठा’ म्हणायचा, आणि चार जण एकदम मागे बघायचे. आप्पांना त्याचं वाईट वाटतं असं मला कधी वाटलं नाही. ते कमी बोलायचे, जेवताना तर नाहीच. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, ठेचा आणि वरून कच्चं तेल एवढं ताटात असलं की त्यांची काही तक्रार नसे.

गावाला पंचायतीची निवडणूक लागली की आमच्या गल्लीत ट्रक यायचा. ही आमच्याकडची रीत होती आणि तिच्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही नव्हतं. गावातला जो उमेदवार असेल तो ट्रक पाठवायचा. सुरतेत कामाला आलेल्या आपल्या माणसांना भरून न्यायचा, मत टाकून घ्यायचा, वरण-बट्टीचं जेवण घालायचा आणि परत आणून सोडायचा. वॉर्डात मतं ती किती असणार, त्यात सुरतेची माणसं म्हणजे निकाल फिरवणारी. शेठ लोक चिडायचे, पण ट्रक आला की अर्धी खाती रिकामी व्हायची. पुरुष मागे उभे, बायका पुढे ताडपत्रीखाली बसलेल्या, मांडीवर पोरं, पिशवीत दशम्या. मीही लहानपणी अशीच जायची. उकाई धरण मागे पडलं की हवा बदलायची आणि माणसं मोठ्याने हसायला लागायची. सुरतेत ती तशी हसत नसत.

त्या वर्षी उन्हाळ्यात टँकर दिवसाआड यायचा आणि तोही अर्धा. मायनं गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन आम्ही नगरसेवकाच्या कचेरीवर गेलो. मी बारावीची परीक्षा दिलेली, हिंदी-गुजराती येणारी, म्हणून बोलायला मला पुढे केलं. नगरसेवक नव्हता, त्याचा माणूस होता. मावा चघळत त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं. उद्धट मुळीच नव्हता. पंखाही आमच्याकडे फिरवला.

“इलेक्शन में आप लोग कहाँ होते हो, बेन?” त्यानं विचारलं.

माझ्या मागून शेवंतामावशी, आमच्या शेजारीण, मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, “हम गाँव जाते ना, मत डालने. ट्रक आता हमारे लिए!”

“तो नल भी वहीं माँगो ना,” तो म्हणाला आणि खिडकीतून थुंकला.

बायका परत येताना त्याला शिव्या देत होत्या. घरी आल्यावर मायनं घागर पालथी घातली आणि आप्पा रात्रपाळी करून झोपले होते त्यांच्या डोक्याशीच बसून म्हणाली, “आठे ऱ्हातस, आठलं पानी पितस, अन् मत तठे कसाले देतस?” इथे राहतो, इथलं पाणी पितो, मग मत तिथे कशाला? आप्पांनी डोळे न उघडता कूस बदलली. मला मात्र त्या दिवशी तो कचेरीतला माणूस बरोबर वाटला, आणि अजूनही वाटतो. त्यानं अपमान केला, पण हिशेब चुकीचा सांगितला नव्हता.

पुढे काही दिवसांनी मतदारयादीच्या कामावरचे एक मास्तर घरोघर फिरत आले. महानगरपालिकेच्या गुजराती शाळेतले, छत्री घेतलेले. त्यांना मी पडवीत बसवलं आणि टँकरच्या पाण्याचा चहा दिला. त्यांनी विचारलं, घरात किती मोठी माणसं? मी म्हटलं, तीन. आतून आप्पांचा आवाज आला, “दोन. पोर परक्या घरी जाणारी आहे, तिचं कशाला लिहिता?”

“जाईन तेव्हा नाव तिकडे घेऊन जाईन,” मी म्हटलं. “तोवर मी इथे राहते.”

मास्तर हसले. “बेटी बराबर बोले छे.” मग त्यांनी समजावून सांगितलं. अठरा वर्षं पूर्ण झालेला माणूस जिथे नेहमी राहतो तिथे त्याचं नाव. घर भाड्याचं असलं तरी चालेल, झोपडी असली तरी चालेल. मुलगी आहे, सून आहे, काही फरक पडत नाही. फक्त एक. नाव एकाच जागी. इथे घालायचं तर गावचं नाव कमी करावं लागेल, आणि ते फॉर्मवर लिहून द्यावं लागेल. मास्तरांनी गठ्ठ्यातून पुष्कळ फॉर्म काढून दिले, गल्लीतल्या बाकीच्यांसाठीही, आणि महिन्याच्या आत शाळेत आणून द्या म्हणाले.

नाव कमी करावं लागेल हे ऐकून आप्पा उठून बाहेर आले. बनियनवर, केसांत खात्यातला कापूस तसाच. “मी काय मरी गऊ का, मनं नाव कापाले?” ते म्हणाले. आमच्या गावात यादीतून नाव दोघांचंच जायचं, मेलेल्याचं आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचं. जिवंत पुरुष स्वतःच्या हाताने आपलं नाव कमी करतो हे आप्पांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यात आणखी एक भीती होती आणि ती एकट्या आप्पांची नव्हती. आमच्या गल्लीत सगळ्यांची अशी पक्की समजूत होती, की मतदारयादीतलं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव एकमेकांना बांधलेलं असतं. यादीतून गेलं की शेतातून गेलं. शिकलेली माणसंही असंच सांगायची. मी आप्पांना म्हटलं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांनी विचारलं, तुला कोणी सांगितलं? मला पुस्तकात वाचलेलं आठवत होतं, पण पुस्तकाचं पान दाखवता येईना. विषय मात्र मी सोडला नाही.

आणि नेमका तेव्हाच ट्रक आला. या खेपेला ट्रकबरोबर काकाच आले, आप्पांचे थोरले भाऊ, कारण उमेदवारच ते होते. मायनं त्यांच्यासाठी शेवभाजी केली. काका जेवायला बसले आणि बाहेर फॉर्मचा विषय निघालेला त्यांनी ऐकला होता, तो त्यांनी पहिल्या घासालाच काढला.

“धनराज, नाव कापं का हिस्साबी गया समज,” ते आप्पांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “अन् तू, शिकेल पोर, बापाचं शेत घालवायला निघाली का गं?”

“शेत जात नाही, काका.”

“तुला काय ठाऊक? तू कधी नांगर धरला का?”

“नाही. पण तुम्ही तलाठ्याला विचारलंय का?”

काका भाकरी मोडायचे थांबले. माय स्टोव्हकडे तोंड करून म्हणाली, “इचारी लेऊ ना मग. ट्रक तठेच जाई राहिना.” ट्रक तिकडेच तर चाललाय, विचारून घेऊ. माझी आई काही मोठी धीट बाई नव्हती. पण त्या डाळीनं तिला आणलं होतं तिथवर.

म्हणून आम्ही गेलो. गावी मतदान शाळेत होतं आणि शाळेला लागूनच चावडी. तलाठी भाऊसाहेब पेटीच्या बंदोबस्तात होते, घामाघूम. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्यांना गाठलं. मागे माय, तिच्या मागे आप्पा, आणि आप्पांना एकटं सोडायचं नाही म्हणून काका. मी एकच प्रश्न विचारला. मतदारयादीतलं नाव सुरतेला नेलं तर सातबाऱ्यावरचं नाव जातं का?

“हे कोणी डोक्यात घातलं?” भाऊसाहेब म्हणाले. सगळे काकांकडे बघायला लागले आणि काका झाडाकडे. “अहो, जमिनीला नाव लागतं ते बापाकडून. यादीत नाव लागतं ते राहत्या घरावरून. हा धनराज सुरतेला राहो नाही तर दिल्लीला, याचा हिस्सा जातो कुठे?” मग आवाज उतरवून म्हणाले, “खरं म्हणजे बारा महिने सुरतेला राहणाऱ्याचं नाव इथं असायलाच नको. पण ते मी आज बोलत नाही. आज इथे ट्रक किती आलेत ते बघा जरा.”

मायनं त्या दिवशी आपलं गावातलं शेवटचं मत काकांना दिलं. दिराला शब्द दिलेला होता, तो पाळला. काका निवडून आले. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी गावाचं काय केलं हे मला सांगता येणार नाही, कारण मी तिथे राहत नव्हते. माझा मुद्दा तोच होता.

परतीच्या ट्रकमध्ये मी आप्पांच्या शेजारी उभी राहिले. म्हटलं, आता तर कळलं ना, शेत जात नाही. मग भरायचे ना तिघांचे फॉर्म? आप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, तुमच्या दोघींचे भरा. माझा नको. का, म्हणून मी विचारलं. ते त्यांनी सोनगड गेल्यावर सांगितलं. “तठे मनं नाव पुकारतस,” ते म्हणाले. मतदानाच्या खोलीत साहेब यादी बघून मोठ्याने नाव वाचतो, ‘धनराज उखा पाटील’, बापाच्या नावासकट, आणि खोलीतला प्रत्येक जण मान वर करून बघतो. सुरतेत इतकी वर्षं झाली, इथे हे नाव कोणी घेतलं का?

हा प्रश्न भाऊसाहेबांच्या दप्तरात बसणारा नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, आमच्या दोघींचे भरते. हट्ट कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा हे मला तेव्हा थोडंफार कळायला लागलं होतं.

यादीतून नाव हलवलं तरी शेत जात नाही हे एव्हाना गल्लीभर झालं होतं, आणि सगळ्या बायकांचे फॉर्म आम्ही गच्चीवर भरले. बायकांचं बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचं काम चालू होतं, म्हणून सगळ्या एका जागी सापडल्या. ज्वारीच्या पिठाचा घाटा पातेल्यात रटरटत होता, जुन्या साड्या पसरलेल्या होत्या, आणि मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत फॉर्म घेऊन बसले. पहिल्याच फॉर्मला अडलं. बाईचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि पुढे नवऱ्याचं नाव. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. शेवंतामावशींना विचारलं तर त्यांनी तोंडाला पदर लावला. मग शेजारणीने सांगायचं, किंवा नाव घ्यायचं ते उखाण्यात, असं ठरलं. एकेक जणी पिठाचे हात तसेच घेऊन समोर येऊन बसायची. “गच्चीवर घातले बिबडे, ऊन लागलं कडक, भिकारावांच्या नळासाठी झिजवते मी सडक,” असं शेवंतामावशींनी म्हटलं आणि गच्ची हसून फुटली. सही करता येणारी बाई सही करी, न येणारी अंगठा देई. मायची पाळी आली तेव्हा बायका ओरडायला लागल्या, घे, घे, तूही घे! माय बिबडा थापत राहिली. “तुले माहीत शे, लिख,” एवढंच म्हणाली. मी लिहिलं.

आज माझं साड्यांना लेस लावायचं छोटं युनिट आहे. कामाला बायका आहेत, विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, ओडिशाच्यासुद्धा. नवी बाई कामाला आली की मी तिला आधी विचारते, नाव कुठे आहे? बहुतेकींचं गावी असतं. रेशन इथे, मुलांची शाळा इथे, दवाखाना इथे, आणि नाव गावी. मी त्यांच्यापुढे भाषण करत नाही. आमचा डाळीचा किस्सा सांगते आणि फॉर्म देते. माझी स्वतःची लग्नानंतर तीन घरं बदलली आणि प्रत्येक वेळी गॅसच्या आधी मी यादीतलं नाव हलवलं. नवरा चेष्टा करतो. करू दे.

पण हे पुष्कळ नंतरचं. ते फॉर्म भरल्यावर सुरतेच्या महानगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा गल्लीतल्या बायका सकाळीच नटल्या. सणाला नेसायच्या साड्या निघाल्या. केंद्र म्हणजे त्या मास्तरांचीच शाळा. मतदानाची खोली रस्त्याच्या कडेला होती आणि तिच्या खिडक्या उघड्या होत्या. आप्पांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. कामावरून सुटून ते झोपायला न जाता आमच्याबरोबर आले. तुमचं काय काम, म्हणून मायनं विचारलं, तर म्हणाले, ऊन आहे, परत येताना रिक्षा मिळायची नाही. रिक्षाने आम्ही कधीच जात नसू. ते रस्त्यापलीकडे लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले, मग थोडे अलीकडे आले, मग खिडकीजवळच्या भिंतीला टेकले.

रांगेत माय पुढे, मी मागे. आत गेल्यावर चष्मेवाल्या साहेबानं यादीवर पट्टी सरकवली आणि मोठ्याने वाचलं, “पाटील कमलबेन!” मग त्याची पट्टी खालीच थांबली. आमच्या गल्लीत दोन कमलबाई होत्या, दोघी पाटील, दोघी एकाच पानावर. त्यानं वर बघितलं. “बेन, पति का नाम बोलो.”

मायनं वळून माझ्याकडे बघितलं. मी मागून म्हटलं, “धन—”

“तुम नहीं,” तो माझ्यावर डाफरला. “वोट इनका है. ये बोलेंगी.”

रांगेतल्या सगळ्या बायकांना कळलं काय झालं ते. शेवंतामावशींनी मागून हळूच सुचवलं, उखाणा घे. टेबलाशी बसलेले दोन्ही पक्षांचे पोलिंग एजंट यादी सोडून मायकडे बघायला लागले. साहेबानं पेन टेबलावर वाजवलं. मला वाटलं आता ती परत फिरेल. एवढी गल्ली पालथी घातली, ट्रकने जाऊन आलो, आणि आता एका नावाशी येऊन अडेल. मायनं डोक्यावरचा पदर नीट केला. साहेबाकडे न बघता, समोरच्या भिंतीवर फळा होता, त्या फळ्याकडे बघून, पाण्यासाठी गल्लीच्या टोकाला हाक मारावी तशा आवाजात ती म्हणाली,

“धनराज उखा पाटील!”

खोलीतल्या प्रत्येकानं मान वर करून बघितलं. साहेबानं एका नावावर पट्टी ठेवून मोठ्याने वाचलं, “पाटील कमलबेन धनराजभाई, बराबर,” आणि मायच्या बोटाला शाई लागली.

माझं मत टाकून मी बाहेर आले तेव्हा आप्पा खिडकीजवळ नव्हते. आम्हांला मागे टाकून घराकडे निघाले होते, भराभर. माय त्यांच्या मागे चालत होती, शाईचं बोट पदरात धरून, आणि मध्ये पुष्कळ अंतर ठेवून. नळाचं सांगायचं तर तो काही दुसऱ्या दिवशी आला नाही. नवा नगरसेवक दोनदा येऊन गेला, आम्ही चारदा त्याच्याकडे गेलो. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर रस्ता खणला आणि पाइप पडला. पहिले दोन दिवस लाल पाणी आलं. तिसऱ्या दिवशी मायनं त्या पाण्यात डाळ लावली आणि ती शिजली. गल्लीतल्या कोणीही त्या दिवशी दुसरं काही रांधलं नाही.

पण मतदानाच्या दिवशीचं सांगत होते. घरी गेल्यावर मायनं भाकरी टाकायला घेतल्या. आप्पा नेहमीप्रमाणे न बोलता जेवले. जेवून हात धुतला, आडवे झाले, चादर डोक्यावरून घेतली. आम्हांला वाटलं झोप लागली. बऱ्याच वेळानं चादरीच्या आतून आवाज आला. “त्या साहेबनी मले भाई म्हना ना?”

“हो. धनराजभाई.”

खात्यांची खटखट चालू होती. माय तव्यावरची भाकरी उलटत होती आणि तिच्या मानेवरून मला कळत होतं की ती हसते आहे.

“नंदा,” आप्पा म्हणाले, “त्या मास्तरना एखादा फॉर्म उरेल शे का?”

मी एक बाजूला ठेवला होता. सहीची जागा सोडून सगळा भरलेला.